‘पूराचे’चं ‘पुराचे’ झालं, टीएमसी तसंच राहिलं

सांगलीत पावसाळ्यात तीन आकडे घराघरांत तोंडपाठ असतात. कोयना धरणाचा साठा, तिथून सोडलेलं पाणी म्हणजे कोयनेचा विसर्ग, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पातळी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी हे पाठांतर करून घेतलं आहे. अशा शहरात, आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चुकीचा आकडा रात्री तीन तास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याच ओळीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर दीडशेच्या आसपास मेसेज पडले. आकड्यावर एकही पडला नाही.

ज्यांना तो दिसला नाही, त्यांत मीही होते. मी इथल्या एका दैनिकात बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं आहे. चूक शोधणं हेच माझं काम होतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवावंसं वाटलं. ग्रुपमधल्या माणसांची आणि पोर्टलचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. सगळे रोज भेटणारे लोक आहेत, आणि यात कुणाच्या मनात खोट नव्हती.

त्या रात्री

हा ग्रुप २०१९ च्या पुरात निघाला. आयर्विनखाली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि बोट कुठं आहे, दूध कुणाकडं मिळेल, डायलिसिसच्या पेशंटला मिरजेला कसं न्यायचं, हे सगळं या ग्रुपवरून ठरायचं. पाणी ओसरलं तरी ग्रुप राहिला. गावभागापासून दत्तनगर, कर्नाळ रोडपर्यंतची माणसं त्यात आहेत. एरवी वाढदिवस आणि ‘लाइट कधी येणार’ एवढंच चालतं. जुलै लागला की तो पुन्हा पुराचा ग्रुप होतो.

जुलैअखेरची रात्र होती. आयर्विनला पाणी पंचवीस फुटांच्या आत होतं. साडेआठच्या सुमारास आमच्याच भागातला एक तरुण, जो एकट्याच्या बळावर बातम्यांचं पोर्टल चालवतो, त्यानं बातमी टाकली. शीर्षक होतं: ‘पूराचे पाणी वाढणार, कोयनेतून २० टीएमसीचा विसर्ग सुरु’.

पहिला मेसेज आमच्या सरांचा आला. सर निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, निम्म्या ग्रुपला त्यांनी शिकवलेलं. ‘पूराचे नव्हे, पुराचे. सुरु नव्हे, सुरू. एका ओळीत दोन चुका. आणि हे म्हणे पत्रकार.’ दोन मिनिटांत मी खाली नियम लिहिला. फूल-फुलाला, मूल-मुलाला, तसं पूर-पुराला. शेवटच्या अक्षराच्या आधीचा, म्हणजे उपान्त्य, दीर्घ उकार प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो. आणि शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ, म्हणून सुरू. ‘परंतु’सारखे मोजके अपवाद सोडून.

इथंच संपलं असतं. पण संस्कृत घेऊन एम. ए. झालेला एक मुलगा मध्ये पडला. त्याचं म्हणणं, पूर हा शब्द संस्कृतातही आहे. तत्सम शब्दाचा दीर्घ उकार प्रत्यय लागला तरी दीर्घच राहतो, रूप-रूपाला, दूत-दूताला. मग पूर-पूराला का नको? मुद्दा बिनतोड नव्हता, कारण रूढ लेखन ‘पुराचे’ असंच आहे आणि वर्तमानपत्रांत तेच छापून येतं. पण मुद्दा पोरकटही नव्हता. मी कपाटातून नियमांची पुस्तिका काढली. चष्मा लावला. खरं सांगते, मला त्या वादात आनंद होत होता. किती दिवसांनी कुणी उपान्त्याबद्दल बोलत होतं.

पोर्टलवाल्या मुलाचं उत्तर नऊच्या पुढं आलं. ‘सर, मुद्दा बघा ना. मी लोकांना सावध करतोय. तुम्ही वेलांट्या-उकार मोजत बसा, पाणी दारात आल्यावर कळंल.’ मग ग्रुपचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ज्याला भाषा नीट लिहिता येत नाही तो बातमी काय नीट देणार. दुसऱ्याचं म्हणणं, मथितार्थ घ्या, व्याकरण काय घेऊन बसलाय. पुढं वाद पत्रकारितेवर गेला. माईक घेतला की झाला पत्रकार. छापील पेपरवाले तरी कुठं धुतल्या तांदळाचे. जाहिरातींचं बघा. इंग्रजी शब्दांचं बघा. मध्येच एकानं लिहिलं, ‘जाऊ द्या हो, पानी आनि लोनी म्हणणाऱ्यांकडून काय अपेक्षा.’ पोर्टलवाल्या मुलाचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात हमाली करायचे. ते याच ग्रुपमध्ये आहेत. त्यांनी तो मेसेज वाचल्याची निळी खूण मला नंतर दिसली.

पावणेदहाला एक व्हॉइस नोट आली होती. सतरा सेकंदांची. दत्तनगरच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहून ब्लाउज शिवणारी, पिको-फॉल करणारी आमची ओळखीची बाई. ती मला वैनी म्हणते. ‘वैनी, येतंय का ओ आमच्याकडं पाणी? मशिनी हलवू का रात्रीच्याला? कुणीतरी सांगा की.’ तिच्या आधीचा मेसेज ‘रूप-रूपाला’चा आणि नंतरचा मेसेज ‘मग धूळ-धुळीला कसं?’ असा आहे. व्हॉइस नोट मी सकाळी ऐकली.

अकराच्या सुमारास तो मुलगा थकला. त्यानं बातमी दुरुस्त करून पुन्हा टाकली. ‘पुराचे पाणी वाढणार, कोयनेतून २० टीएमसीचा विसर्ग सुरू’. वर लिहिलं, ‘दुरुस्त बातमी. आता तरी पुढं पाठवा.’ सरांनी अंगठा दिला. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. सरांनी ती दुरुस्त बातमी स्वतः आणखी दोन ग्रुपवर पाठवली, कारण आता ती शुद्ध होती.

चूक कुठं होती

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. हा वेग आहे. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हा साठा आहे. धरणात किती आहे ते टीएमसीत सांगतात, धरणातून किती सुटतंय ते क्युसेकमध्ये. नळाची धार आणि टाकीतलं पाणी यांत जो फरक, तोच.

त्या दिवशीचा सरकारी आकडा २० हजार क्युसेक होता. एवढी धार पूर्ण चोवीस तास चालली तर खाली जाणारं पाणी पावणेदोन टीएमसीच्या आत भरतं. हिशेब सोपा आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यामुळं सुमारे ११,५७४ क्युसेकची धार दिवसभर चालली की एक टीएमसी होतो. कोयनेची एकूण साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. ‘२० टीएमसीचा विसर्ग’ याचा काही अर्थ लावायचाच झाला, तर धरणाचा जवळजवळ पाचवा हिस्सा सोडला असा लागतो. आणि तो एका दिवसात सोडायचा तर सव्वादोन लाखांहून जास्त क्युसेकची धार लागेल. ज्यानं २०१९ पाहिलं आहे, त्याच्या पोटात गोळा यायला एवढं पुरे आहे.

हे झालं कसं, ते मुलानं नंतर मोबाइल दाखवून सांगितलं. रोज येणाऱ्या मेसेजमध्ये एका ओळीत धरणाचा साठा टीएमसीत असतो आणि लगेच खाली विसर्ग क्युसेकमध्ये. त्यानं आकडा खालच्या ओळीतला घेतला आणि एकक वरच्या ओळीतलं. ‘२०,०००’ मधले हजार गेले, कारण २० हजार टीएमसी असू शकत नाही एवढं त्याला माहीत होतं. म्हणजे त्यानं डोकं चालवलं होतं, अर्धं. दिवसाला पंधरा-सोळा बातम्या एकटा टाकतो. बोलून टाइप करतो. मोबाइलचा कीबोर्ड ‘पूराचे’ असं आपणहून सुचवतो.

आणि २० हजार क्युसेक हा आकडा बरोबर छापला असता तरी त्यावरून दत्तनगरच्या बाईला उत्तर मिळालं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. सांगलीचं पाणी एकट्या कोयनेवर ठरत नाही. कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, तोवर वरून धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांचं पाणी आलेलं किंवा न आलेलं असतं. चांदोलीकडून वारणा येते आणि सांगलीच्या अगदी उंबऱ्यावर, हरिपूरला, कृष्णेत शिरते. धरणांच्या खाली, मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस कुठल्याच दरवाजाला विचारून येत नाही. म्हणून जाणती माणसं कोयनेच्या आकड्याबरोबर कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी अशा पातळ्या बघत खाली उतरत येतात. भिलवडीला पाणी स्थिर असलं तर रात्री झोपतात. त्या रात्री भिलवडी स्थिर होती. ग्रुपवर दुपारीच आलं होतं.

‘पाणी वाढणार’ हे बातमीतलं दुसरं वाक्यही तपासायला हवं होतं. कुठं वाढणार, किती, कधीपर्यंत? क्रियापदाला कर्ता होता, पण ठिकाण नव्हतं, वेळ नव्हती. आणि इशारा पातळी ४० फूट असली तरी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट अशा सखल भागांत पाणी त्याच्या आधीच शिरतं. शहरासाठी असलेला आकडा आणि एका घरासाठी असलेला आकडा वेगळा असतो. बातमीनं हे सांगावं, असं मी बावीस वर्षांत एकदाही कुठल्या कॉपीच्या समासात लिहिलं नाही. समासात मी वेलांट्या लिहिल्या.

दोन खेपा

त्या रात्री बाईनं कुणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. अकरानंतर ‘दुरुस्त बातमी’ आल्यावर तिला वाटलं, आता खात्री झाली. मोठ्या माणसांनी तपासून, सुधारून, अंगठे देऊन पाठवलं आहे. तिचं हे वाक्य मी विसरू शकत नाही: ‘सरांनी तपासलीया म्हणल्यावर खरीच असणार की वैनी.’ बाराला तिनं छोटा हत्ती बोलावला. शिलाईची दोन मशीन, इंटरलॉक मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे बुधगावला बहिणीकडं हलवले. रात्रीचं दीडपट भाडं दिलं. पाणी आलं नाही. चार दिवस मशीन तिकडं राहिली, दोन ऑर्डरी हातच्या गेल्या.

पुढचं जास्त वाईट आहे. बारा-तेरा दिवसांनी खरोखर पाणी वाढलं. कोयनेचा विसर्ग वाढला होता, वारणेचाही, आणि तीन दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. त्या मुलानं बातमी टाकली. या वेळी एकक बरोबर, आकडे बरोबर, पुलांच्या पातळ्या दिलेल्या, सखल भागांची नावं दिलेली. शुद्धलेखनाची एक चूक होती, त्यावर कुणी बोललं नाही. खरं तर बातमीवरच कुणी बोललं नाही. ‘मागल्या खेपंलाबी असंच केलतं,’ असं एकानं लिहिलं आणि विषय संपला. बाईनं सामान हलवलं नाही. पहाटे पाणी तिच्या उंबऱ्यावरून आत आलं. शिलाईची मशीन माणसांनी उचलून टेबलावर ठेवली. इंटरलॉकची मोटर पाण्यात गेली.

ती फक्त त्या चुकीच्या बातमीमुळं थांबली, असं मी म्हणणार नाही. रात्रीचं भाडं पुन्हा परवडणारं नव्हतं, हेही कारण होतंच. पण मी तिला विचारलं तेव्हा तिनं आधी तेच सांगितलं.

शुद्धलेखन म्हणजे व्याकरण नव्हे

आमच्या ग्रुपवर ज्याला सगळे व्याकरण म्हणत होते ते व्याकरण नव्हतंच. ते शुद्धलेखन होतं, म्हणजे लिहिण्याचा संकेत. मराठी साहित्य महामंडळानं केलेले चौदा नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. त्याआधी शिकलेली माणसं ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असं लिहीत आणि ते न लिहिणाऱ्याला मार खावा लागे. सरांचं प्राथमिक शिक्षण १९६२ च्या आधीचं. त्यांनी ‘कांहीं’ शुद्ध म्हणून गिरवलं आणि शिक्षक झाल्यावर पोरांच्या वहीतले ते अनुस्वार लाल शाईनं काढले. मी हे त्यांच्यापाशी काढलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘दोन्ही वेळा आम्हाला शुद्ध तेच शिकवतोय असं वाटत होतं.’

संकेत नको असं माझं म्हणणं नाही. बावीस वर्षांचं आयुष्य मी त्यात घातलं आहे आणि पुन्हा घालीन. सारखं लिहिलं की सारखं वाचता येतं, अडखळायला होत नाही. ज्या छपाईत वेलांटी नीट आहे तिथं कुणीतरी ओळ दुसऱ्यांदा वाचली आहे, असा वाचक भरवसा धरतो. आणि नेमका तोच भरवसा त्या रात्री आम्ही खोटा ठरवला. वेलांटी सुधारली, त्यामुळं ओळ वाचली आहे असं वाटलं. ती वाचलेली नव्हती.

व्याकरण म्हणजे काळ, अर्थ, प्रयोग, विभक्ती. पुराच्या बातमीत जीव तिथं असतो. ‘पाणी सोडले’, ‘सोडणार’, ‘सोडले जाण्याची शक्यता’ या तीन क्रियापदांत अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. ‘सोडण्यात आले’ या रूपात कुणी सोडलं हे गळून पडतं. ‘नदीकाठच्या गावांना’ आणि ‘नदीकाठच्या गावांत’ यांत एकीकडं इशारा आहे, दुसरीकडं पाणी आहे. सरांइतकं हे सगळं आमच्यात कुणाला कळत नाही. त्यांनी तीस वर्षं वाक्यपृथक्करण शिकवलं आहे. ते त्या ओळीचं पृथक्करण करायला बसले असते तर ‘किती?’ आणि ‘कशात मोजलेला?’ या प्रश्नांवर नक्की थांबले असते.

आणि ‘विसर्ग’. हा शब्द मी आयुष्यभर दोन टिंबं म्हणून ओळखला. दुःख, अंतःकरण, निःशब्द. ही टिंबं पडली की मी समासात खूण करायची. धरणाचा विसर्ग तोच शब्द आहे. वि आणि सृज्, सोडून देणं. तोंडातून श्वास सोडला तो अक्षराचा विसर्ग, दरवाजातून पाणी सोडलं तो धरणाचा. सोडण्याला वेग असतो, त्यामुळं त्याच्या मापात वेळ असायलाच हवी. सेकंदाला इतकं, तासाला इतकं. ‘विसर्ग’ या शब्दाशेजारी साठ्याचं माप बसलेलं दिसताच शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाला ते खुपायला हवं होतं, ‘मी गेली’ म्हणणाऱ्या पुरुषासारखं. आम्ही फार बारकाईनं वाचलं, हा आमच्यावर झालेला आरोप मला मान्य नाही. आम्ही पुरेसं बारकाईनं वाचलं नाही. सोपी चूक आधी सापडली, आणि चूक सापडल्याच्या समाधानात शोध थांबला.

मुलाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचंही तेच झालं. ‘मुद्दा बघा’ असं पन्नास वेळा लिहिलं गेलं. मुद्दा कुणी उघडून पाहिला नाही. बातमी उघडली असती तर खाली तिसऱ्या परिच्छेदात ‘विसर्ग २० हजार क्युसेक’ असं त्यानंच बरोबर लिहिलेलं होतं. शीर्षक आणि मजकूर एकमेकांना छेद देत होते. आशयाचा कैवार घेणाऱ्यांनी आशय वाचला नव्हता, आणि भाषेचा कैवार घेणाऱ्यांनी भाषा. दोन्ही तटांना दुसऱ्या तटावरची माणसं मात्र नीट दिसत होती.

‘पानी-लोनी’चा मेसेज याच जातीचा. न आणि ण यांवरून माणसाचं घर, जात, शाळा ओळखायची आपल्याकडं जुनी खोड आहे, आणि ती शुद्धलेखनाच्या आड आरामात बसते. छापील भाषेत ‘पाणी’ लिहावं, यात वाद नाही. महामंडळाच्या नियमांतही पात्राच्या तोंडी ‘असं केलं, मी म्हटलं’ अशा बोलण्याच्या भाषेला जागा ठेवली आहे, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही बोलणं आणि लिहिणं वेगळं ठाऊक होतं. पण त्या मुलानं बातमीत ‘पाणी’च लिहिलं होतं. त्याच्यावर जो वार झाला तो त्याच्या वडिलांच्या उच्चारांवर झाला. त्यानंतर तो आकडा सुधारील ही शक्यताच मावळली. अपमान झालेला माणूस आपली ओळ पुन्हा तपासत नाही. तो तिची राखण करतो.

आमचा हा भाग पत्रकारितेला परका नाही. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. आज टेंभू म्हटलं की दुष्काळी तालुक्यांना पाणी उचलून देणारी योजना आठवते, पण मराठी पत्रकारितेचा एक मोठा माणूस त्या गावचा. आगरकरांनी मराठी वाक्यांच्या पृथक्करणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. भाषेत त्यांच्याइतका काटेकोर संपादक शोधून सापडणार नाही. आणि १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, ते कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या मजकुरामुळं. ज्या पत्रांच्या आधारावर तो छापला, ती पत्रं बनावट निघाली. मराठी निर्दोष होतं. हेतू शुद्ध होता. कोल्हापूरच्या राजाला छळापासून वाचवावं ही तळमळ होती. कागद खोटा होता. मुलाला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं विचारलं, ‘मग त्यांना कुणी अडाणी म्हटलं का, काकू?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नंतर

पाणी ओसरल्यावर मी आणि सर त्याच्या दुकानी गेलो. मोबाइल रिचार्जचं छोटं दुकान, मागं एक खुर्ची, तीच कचेरी. सर जाताना शब्द जुळवत होते, पोचल्यावर मात्र एवढंच म्हणाले, ‘बाळ, तुझ्या वडिलांसमोर तसं व्हायला नको होतं. मी थांबवायला हवं होतं.’ मुलानं स्टूल पुढं सरकवलं. चहा आला. तो लगेच विरघळला वगैरे नाही. म्हणाला, ‘सर, तुम्ही दोन चुका काढल्या, मी दोन्ही सुधारल्या. तिसरी सांगितली असती तर तीपण सुधारली असती.’ हे त्याचं म्हणणं तंतोतंत खरं आहे, आणि मला त्यावर आजही काही म्हणता येत नाही.

तिथं बसून आम्ही एक पद्धत ठरवली. धरणाची, नदीची बातमी टाकण्याआधी तो सरांना पाठवणार. सर आधी आकडा आणि त्याचं एकक मूळ मेसेजशी ताडून पाहणार, मग ठिकाण, मग वेळ, मग क्रियापदाचा काळ. वेलांट्या शेवटी, वेळ उरला तर, आणि त्याही त्यालाच सांगायच्या, ग्रुपवर नाहीत. सरांनी पुठ्ठ्यावर पेनानं ‘११,५७४ क्युसेक × १ दिवस = १ टीएमसी’ असं लिहून दिलं. तो पुठ्ठा दुकानात चिकटवला आहे. ही व्यवस्था सुरळीत चालली असं मात्र नाही. मुलाला घाई असते, सर दुपारी झोपतात. दोनदा बातमी न दाखवता गेली. एकदा सरांनी पाऊण तास लावला, तोवर दुसऱ्या पोर्टलवर आली होती आणि मुलगा चिडला होता.

इंटरलॉकच्या मोटरचं काम ग्रुपमधल्या पाच-सहा जणांनी मिळून केलं. ‘रूप-रूपाला’वाला मुलगा त्यात होता. ‘पानी-लोनी’ लिहिणारा नव्हता. बाई आता व्हॉइस नोट ग्रुपवर टाकत नाही. सरळ फोन करते, मला किंवा सरांना.

मी त्या मुलाकडं एकाच गोष्टीचा आग्रह धरला. जुलैची चूक जाहीर सांग. त्याला पटत नव्हतं. एवढ्या दिवसांनी कोण वाचणार, उलट आपलंच हसं होईल. छापील पेपरातसुद्धा खुलासा आतल्या पानावर कोपऱ्यात जातो, हे मला चांगलं ठाऊक आहे. मीच त्या चौकटी तपासायची. पण ती शुद्ध केलेली खोटी बातमी अजून लोकांच्या मोबाइलमध्ये होती, आणि ती शुद्ध करण्यात माझा हात होता. मी हेच त्याला सांगितलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यानं टाकलं. ‘जुलैमधील बातमीत कोयना धरणातून २० टीएमसी विसर्ग असे म्हटले होते. तो २० हजार क्युसेक असा हवा होता. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.’ वर ठळक अक्षरांत मथळा: ‘दुरूस्ती’.

‘रू’ दीर्घ पडला होता. मी पाहिला, सरांनीही पाहिला असणार. ग्रुपवर सर काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला, मी शेजारी बसले होते. आधी विचारलं, ‘आज कोयनेचा विसर्ग किती रे?’ त्यानं सांगितला. ‘एकक?’ तेही सांगितलं. मग सर म्हणाले, ‘बरं. आता मथळ्यातला रु ऱ्हस्व कर.’